धरायला माणसं आहेत

त्या गुरुवारी दाढी अर्ध्यावर आली असताना मोजणीदाराने मास्तरांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे झटापट केली असं नाही. तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तशी चार बोटं मनगटावर ठेवली आणि म्हणाला, "नको." एवढंच. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत काही वेडंवाकडं नव्हतं. जेवताना पुन्हा वाढायला आलेल्याला म्हणावं, तशा सुरात. मास्तरांचा वस्तरा हवेत थांबला. अकरा वर्षांत टेकाडावरच्या निवासातल्या त्या खोलीत त्यांनी शिव्या ऐकल्या होत्या, रडणं ऐकलं होतं, एकाने तर गालावरचा फेस बोटाने निपटून चाटला होता. पण असं शहाण्या माणसासारखं नको कुणी म्हटलं नव्हतं. काय करावं ते सुचायच्या आत मागून पैलवान आला. निवासातल्या सेवकांत तो सगळ्यांत थोराड, म्हणून पैलवान. त्याने मोजणीदाराचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबले, त्याचं डोकं स्वतःच्या छातीला टेकवून हनुवटी वर केली आणि म्हणाला, "हं मास्तर, उरका." आणि मास्तरांनी उरकलं.

उरकलं, हे त्यांना समजलं टेकाड उतरताना. आधी हाताला समजलं. उजव्या मनगटावर चार बोटांएवढी जागा गार लागत होती, ती त्यांनी सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली, आणि मग एकदम डोळ्यांपुढे आलं की ते हात दाबलेले होते, आणि आपण गालावरून वस्तरा फिरवत होतो, रोजच्यासारखा, एक ओरखडा न उमटवता. हात थरथरलासुद्धा नाही. थरथरला असता तर बरं झालं असतं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्याचीच भीती वाटली, कारण थरथरणाऱ्या हाताला गिऱ्हाईक उभं करत नाही. गल्लीत त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. गुरुवारी दुकानाला सुट्टी, तो दिवस निवासाला. घरच्यांच्या आवाक्याबाहेर गेलेली, डोकं ठिकाणावर नसलेली बेचाळीस पुरुषमाणसं तिथे राहत. महिन्याला ठरलेली रक्कम मिळे, फार नाही, पण मास्तरांना त्या कामाचा एक अभिमान होता. ते म्हणत, राजा असो नाहीतर भिकारी, माझ्यापुढे आला की गळा देतो. डॉक्टरला माणूस नाडी देतो, वकिलाला कागद देतो, मला गळा देतो. आता उतारावर वाऱ्याला पाठ करून उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, दुकानातला माणूस आपल्या पायांनी येतो, पाट्या वाचतो, बसतो, मग हनुवटी वर करतो. तो देतो. आणि वर टेकाडावर? तिथेही बेचाळीस हनुवट्या वर होतात. ते देणं होतं, की कुणीतरी कधीतरी ते गळे काढून घेतले होते आणि मास्तर अकरा वर्षं फक्त वापरत होते?

घरी लेक आधीच आलेली होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर लोकांच्या कोपरांच्या आतल्या शिरा शोधायच्या, सुई लावायची, नळीवर नाव चिकटवायचं. आई गेल्यापासून चार वर्षं दोघंच. दोघांचं चांगलं चाललं होतं, म्हणजे भांडण नव्हतं. तिचे केस कानाच्या वर, पोरासारखे कापलेले, आणि ते ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बाईकडे जाऊन कापून घेई. बाप घरात असताना. लोक हसत, "सोनाराच्या लेकीचे कान उघडे," म्हणत, मास्तरही हसत. ती हसायची नाही, उठून पाणी प्यायची. त्या संध्याकाळी मास्तरांनी चपला काढता काढता विचारलं, "तुझे केस काढले होते ते आठवतं का गं तुला?"

"कधी?"

"नऊ वर्षांची होतीस. उवा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत फोटो होता."

तिने गॅस बारीक केला. "केसांचं काही आठवत नाही. आईने मान धरली होती ते आठवतं." तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "आणि तुम्ही गुणगुणत होतात."

"मी?"

"काम करताना तुम्ही गुणगुणता, बाबा. सगळ्यांचंच करताना. मी ओरडत होते आणि तुम्ही गाणं म्हणत होतात. मला वाटलं, यांना ऐकू येत नाहीये."

मास्तर भिंतीला पाठ लावून बसले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांना आठवत होता तो केसांचा ढीग, वर्तमानपत्रावरचा, आणि त्यात हलणारं काहीतरी, आणि आपण चांगल्या बापाचं काम केलं हे समाधान. लेकीसाठीच तर केलं होतं. तिच्याच भल्यासाठी. ते तिला म्हणाले, "चुकलं माझं," तर ती म्हणाली, "आता काय त्याचं," आणि ताट वाढलं. जेवताना त्यांनी विचारलं, "तू सुई टोचतेस तेव्हा कुणी नाही म्हणालं तर काय करतेस?"

"बाहेर बसवते. पाणी देते. अर्ध्या तासाने पुष्कळजण आपणच बाही वर करतात. काहीजण उठून निघून जातात."

"मग?"

"मग काय? रक्त त्यांचं आहे, बाबा."

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी पहिल्या माणसाच्या गळ्याभोवती कपडा बांधला नाही. तो हातात धरून समोर गेले, थोडे वाकले आणि म्हणाले, "करू का?" समोरचा म्हातारा गोंधळला. त्याने पैलवानाकडे पाहिलं. पैलवान हसला. म्हाताऱ्याने पुन्हा मास्तरांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात, चोरी करताना सापडल्यासारखा म्हणाला, "राहू दे आज." मास्तर म्हणाले, "बरं." दुसऱ्याने होकार दिला. तिसऱ्याने विचारलं, "किती घेणार?" चौथा म्हणाला मिशी ठेवा, अकरा वर्षांत त्याची मिशी ठेवायची असते हे कुणाला माहीत नव्हतं. ज्याला सगळे मौनी म्हणत, तो गेली सहा वर्षं एक अक्षर बोलला नव्हता, त्याला विचारलं तेव्हा तो मास्तरांच्या सदऱ्याच्या बटणाकडे बघत राहिला. मास्तर शंभर मोजेपर्यंत थांबले. "बरं, पुन्हा विचारतो," म्हणाले. पैलवान म्हणाला, "मास्तर, त्यापेक्षा भिंतीला विचारा, ती लवकर सांगेल." मोजणीदार मात्र खोलीत आलाच नाही. तो बाहेर लांब व्हरांड्यात पावलं मोजत होता. पूर्वी तो जमिनी मोजायचा, साखळी आणि झेंडे घेऊन रानोमाळ हिंडलेला माणूस. आता व्हरांडा मोजायचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि दर खेपेला शेवटच्या पावलावर थबकायचा, काहीतरी कमी भरल्यासारखा. त्या दिवशी बेचाळिसांतल्या एकोणीस जणांची हजामत झाली. संध्याकाळी अधीक्षक बाईंनी मास्तरांना कचेरीत बोलावलं.

बाई वाईट नव्हत्या. हे मास्तर पुढेही लोकांना सांगत. त्यांच्या टेबलावर औषधांचे तक्ते असत आणि खुर्चीच्या पाठीला एक जुना स्वेटर, जो त्या गरज पडेल त्या माणसाच्या अंगावर घालत. त्या म्हणाल्या, "मास्तर, तीन जणांच्या डोक्यात उवा आहेत, दोघांना खरूज झालीय. पंधरा दिवसांनी तपासणीचं पथक यायचंय. सगळ्यांची डोकी सफाचट करून टाकू. मोठं मशीन भाड्याने मिळतं. तुम्ही फक्त चालवायचं. धरायला माणसं आहेत."

धरायला माणसं आहेत. वाक्य साधंच होतं, ट्रकमधून सामान उतरवताना बोलावं तसलं. मास्तर म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या. रोज येतो. एकेकाला विचारून करतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"पुन्हा विचारीन."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "गेल्या वर्षी तो टोपीवाला आजोबा होता, आठवतो? टोपी काढू द्यायचा नाही. मी विचारलं होतं त्याला, आजोबा, डोकं बघू का? नको म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवावा. टोपीखाली जखम होती. वास यायला लागला तेव्हा काढली. किडे पडले होते, मास्तर. आठ दिवसांत गेला." त्या खिडकीकडे बघत होत्या. "तुम्ही म्हणता तो मान मी ठेवून बघितलाय."

मास्तर नमस्कार करून बाहेर पडले. टेकाड उतरताना मात्र एक प्रश्न सुचला: बाई, त्याला किती वेळा विचारलंत? रोज विचारलंत? आणि त्यांना वाटलं, विचारणं हे एकदा करून टाकायचं काम नाही, ते भांडी घासण्यासारखं आहे, रोजचं. पण तो प्रश्न त्या थकलेल्या बाईच्या तोंडावर फेकणं म्हणजे तिला धरून हनुवटी वर करण्यासारखंच झालं असतं. तो प्रश्न त्यांनी बाईंना कधीच विचारला नाही. पंधरा दिवस मात्र मिळाले, कारण बाईंना रोज फुकट येणारा माणूस नको होता असं नाही.

त्या दिवसांत मास्तरांनी दुकान दुपारनंतर बंद ठेवलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, शेजारचा चहावाला म्हणाला, मास्तरांनाच वर ठेवून घेणार बहुतेक. टेकाडावर खोलीत खुर्ची, बाकावर रांग, आणि एकच प्रश्न. एकजण रोज "उद्या" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी आपणच येऊन सांगायचा, "उद्या म्हणजे आज नव्हे." एकाने अट घातली की आधी मी तुमचे केस विंचरीन. मास्तर खुर्चीत बसले. त्या माणसाने पाऊण तास विंचरलं, पाणी लावून, भांग पाडून, मोडून, पुन्हा पाडून, आणि मास्तरांना मानेवर त्याचा श्वास लागत होता, फणीचे दात कानामागे रुतत होते, आणि आपल्याला उठता येणार नाही अशी एक लहानशी भीती त्यांच्या पाठीतून सरसरत होती. उठता येत होतं. तरी भीती होती. त्यानंतर त्या माणसाने डोकं पूर्ण काढू दिलं. हळूहळू आकडा वाढला, वीस, सव्वीस, एकतीस. उवांवाले तिघेही झाले. मौनी मात्र बटणाकडेच बघायचा. मास्तर रोज विचारायचे, थांबायचे, "बरं, पुन्हा विचारतो," म्हणायचे.

पण निवासात दुसरंही काहीतरी वाढत होतं, आणि ते मास्तरांना आवाजात ऐकू यायला लागलं. दारं जोरात लागत. जेवणाच्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज येई. एके दिवशी पैलवान जिन्यात त्यांना आडवा आला. त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं. "तुमचं बरंय मास्तर. विचारायचं आणि घरी जायचं. काल एकजण गोळी घेईना. म्हणतो, विचारलं नाही. आज दुसरा आंघोळीला येईना. तिसऱ्याने ताट फेकलं, ते हे." त्याने टेंगळाला हात लावला. "आम्ही चौघं, ते बेचाळीस. रात्री आम्हाला राहायचंय यांच्यात." मास्तर म्हणाले, "ताट फेकणं वाईटच." पैलवान म्हणाला, "वाईट, चांगलं नंतर बघू. सुरुवात कुणी केली?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि मोठ्या माणसाची भीती पाहिली की मास्तरांना नेहमी दाराकडे बघावंसं वाटे. खरंच सुरुवात कुणी केली? आपण? की त्या चार बोटांनी? आणि हे सगळं आपण त्यांच्यासाठी करतोय, की नऊ वर्षांच्या एका मुलीचं ओरडणं कानावर यायला लागलंय म्हणून? दुसऱ्याच्या डोक्यावर आपलं प्रायश्चित्त करणं, हेही एक धरणंच नाही का? हात काम करत होते. गुणगुणणं थांबलं होतं, आणि गाण्याविना कात्रीचा आवाज फार मोठा वाटायचा.

अकराव्या दिवशी मोजणीदार आला. आपण होऊन आला, बाकावर न बसता सरळ खुर्चीत बसला. दाढी चांगलीच वाढली होती. मास्तरांनी विचारलं, "करू का?"

"नको," तो म्हणाला. मग हात पुढे केला, तळवा वर. "द्या. मी करतो."

मास्तरांना आधी अर्थच लागला नाही. मग लागला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की या माणसाला दाढी नको आहे. त्याला दाढी करून घेणं नको होतं. पुढे केलेल्या हाताची बाही वर सरकली होती आणि मनगटाच्या आतल्या बाजूला दोन पांढुरक्या रेघा होत्या, आडव्या, जुन्या. मास्तरांनी त्या पाहिल्या. मोजणीदाराने त्यांना पाहताना पाहिलं आणि बाही खाली ओढली नाही. निवासाचा नियम दारावर लिहिलेला होता: धारदार वस्तू कुणाच्या हाती देऊ नये. पैलवान चहाची बादली आणायला गेला होता. बाकावर तिघंजण होते, त्यात मौनी. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मास्तरांच्या मनात एक फार स्पष्ट चित्र आलं: गळा, फेस, लाल. ते चित्र त्यांना स्वतःच्या हातातल्या वस्तऱ्याबद्दल मात्र चाळीस वर्षांत कधी आलं नव्हतं, आणि हजारो गळ्यांना ते यायला हवं होतं. तरी त्या गळ्यांनी हनुवटी वर केली. त्या सगळ्यांनी मास्तरांवर जो भरवसा टाकला, त्यातला चिमूटभर पुढे कुणाला द्यायचाच नाही का? हे असं विचार करून त्यांनी दिलं, असं नाही. विचार नंतर आला. त्या क्षणी त्यांनी नवं ब्लेड बसवलं, मूठ त्याच्याकडे केली, आणि वस्तरा दिला.

निवासात आरसा नव्हता. मोजणीदाराने डाव्या हाताने गाल चाचपला, फेस लावला आणि कानाच्या पाळीपासून सुरुवात केली. हात सावकाश चालत होता, जमीन मोजणाऱ्या माणसाचा हात, आधी कड बघणारा. मास्तर समोर उकिडवे बसले आणि आरसा झाले. "अजून खाली. हं. जबड्याशी जरा राहिलंय. उजवीकडे." मोजणीदार हसला. त्याचे दात चांगले होते. एक गाल पुरा झाला, लख्ख, आतला माणूस एकदम वर आल्यासारखा. त्याने पाण्यात वस्तरा खळबळला आणि म्हणाला, "बांधावर उभं राहून शेत बघितल्यासारखं वाटतंय." मास्तरांना त्या वाक्याचा अर्थ विचारायचा होता.

दारात बादली पडली. चहा फरशीवर पसरला आणि त्यातून पैलवान धावत आला. तो ओरडत होता, "सोड! सोड!" त्याने मागून कवळ घातली, मोजणीदाराचा हात पिरगाळला, आणि पिरगाळलेल्या हातातला वस्तरा साफ झालेल्या गालावरून जबड्यापर्यंत गेला. रक्त आधी आलं नाही. एक पांढरी रेघ दिसली, मग ती भरली. शिट्टी वाजली, बाकीचे सेवक आले, तिघांनी त्याला उचललं. त्याने काही प्रतिकार केला नाही. मास्तरांच्या जवळून नेताना तो एवढंच म्हणाला, "एक गाल राहिला." त्याला मागच्या इमारतीत नेलं. तिथल्या खिडक्या छताला लागून होत्या आणि व्हरांडा नव्हता. मास्तर फरशीवर तसेच उकिडवे होते, चहात. पैलवान भिंतीला टेकून धापा टाकत होता आणि रडत होता. "मी त्याला वाचवत होतो," तो म्हणाला. "मास्तर, मी त्याला वाचवत होतो ना?"

बाईंनी कोरा कागद पुढे केला. दार लावून घेतलं होतं. "लिहा. दाढी चालू असताना अचानक वस्तरा हिसकावला. सेवकाने वेळीच आवरलं. खाली सही."

"हिसकावला नाही. त्याने मागितला, मी दिला."

"मला माहीत आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, चार दिवसांत पथक येतंय. दिला म्हणून लिहिलंत तर तुमच्यावर पोलीस येतील, माझी नोकरी जाईल, माझ्यानंतर इथे जो येईल तो कुणाला स्वेटरही घालणार नाही. एक शब्द आहे, मास्तर. त्या माणसाला काय फरक पडतो? तो तसाही मागच्या इमारतीत आहे."

"हिसकावला लिहिलं तर कायमचा राहील."

बाईंनी पेन कागदावर सरकवलं. म्हणजे तेच. मास्तरांनी पेन उचललं. त्यांना भीती वाटत होती, अगदी साधी, दुकानाच्या परवान्याची, पोलिसांची, लेकीला कामावर कुणी विचारील त्याची. अक्षर वाकडं येत होतं. त्यांनी लिहिलं: त्याने मागितला. मी दिला. तो नीट दाढी करत होता. मागून धरल्यामुळे लागलं. खाली सही केली. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवून किल्ली फिरवली. "हा कागद कुणी वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "सेवकांचा वेगळा आहे, चौघांच्या सह्यांचा. उद्या मशीनवाला येतोय. तुमची पेटी सकाळी घेऊन जा. आणि मास्तर, पुन्हा येऊ नका."

लेकीला त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि त्याने खरंच गळ्यावर फिरवला असता तर?" मास्तर म्हणाले, "तर मी जन्मभर मेलो असतो." ती म्हणाली, "तरी दिलात?" मास्तर ताटलीतलं चिवडत राहिले. तिने त्यांच्या ताटलीत आणखी वाढलं, आणि वाढण्याआधी विचारलं नाही, हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं, आणि दोघंही थोडंसं हसली. सकाळी ती कामावर जाताना म्हणाली, "पेटी घ्या आणि या. तिथे थांबू नका." तिचा हात दाराच्या कडीवर जरा जास्त वेळ राहिला.

वर पोचले तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं. व्हरांड्यातूनच घरघर ऐकू येत होती, जात्यासारखी, न थांबणारी. व्हरांड्यात मोजणारं कुणी नव्हतं. खोलीत खुर्ची मधे ओढली होती, उरलेले जण बाकांवर, पैलवान आणि दुसरा एक सेवक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, आणि तोंडाला फडकं बांधलेला मशीनवाला. तो कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याला डोक्यामागे पैसे मिळायचे होते. मास्तरांची पेटी कोपऱ्यात होती. त्यांनी ती उचलली. खुर्चीत मौनी होता. मशीनने कपाळापासून मागे एक पट्टा काढला, आणि त्या घरघरीखालून कुणीतरी म्हणालं, "मला विचारा."

आवाज गंजलेला होता, बिजागरीसारखा. मशीनवाल्याने हात थांबवला. क्षणभर कुणाला कळेना की कोण बोललं. मग दुसरा सेवक ओरडला, "अरे मौनी बोलला! बाई, बाई, मौनी बोलला!" आणि एकच गलका झाला. सेवक हसत होते, बाकावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली, स्वयंपाकघरातून दोघी हात पुसत पळत आल्या. सहा वर्षांनी! बाई आल्या, त्यांचे डोळे भरून आले होते, खरेच भरून आले होते. त्या मौनीपुढे वाकल्या. "काय म्हणालास रे बाळा? काय म्हणाला हा?"

"काहीतरी बोलला, बाई. स्पष्ट बोलला."

"'मला विचारा' म्हणाला," मास्तर कोपऱ्यातून म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्याच्या मागचं कुणीतरी निघून गेलं. त्यांनी मौनीच्या पाठीवरून हात फिरवला. "हो हो, विचारू हं. पुढच्या खेपेला नक्की विचारू." आणि मशीनवाल्याला मानेने खूण केली. मौनीने दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले. दोन्ही बाजूंनी ते हात खाली घेतले गेले, हळूच, लागू नये म्हणून फार जपून. घरघर पुन्हा सुरू झाली. सगळे अजून हसत होते. मास्तरांनी बघितलं, पूर्ण बघितलं, शेवटचा केस पडेपर्यंत. पेटीची कडी तळव्यात रुतत होती. लेकीने सांगितलं होतं, थांबू नका.

मौनीला उठवलं. त्याने डोक्याला हात लावला नाही. मशीनवाला म्हणाला, "पुढचा." बाकावरून तो उद्यावाला उठायला लागला, गुडघ्यांवर हात टेकवून, मान खाली घालून. तो उभा राहीपर्यंत मधे दोन-तीन पावलांचीच जागा होती. मास्तरांनी पेटी खाली ठेवली, ती जागा ओलांडली, आणि ते खुर्चीत बसले.

कातड्याची बैठक अजून गरम होती, मौनीच्या अंगाने. पायांखाली वेगवेगळ्या माणसांचे केस होते, काळे, पांढरे, आणि ते चपलेतून तळव्याला टोचत होते. "मास्तर, हे काय?" बाई म्हणाल्या. "उठा." मग, "उठा म्हणते ना मी." मशीनवाला वैतागला, माझा खोळंबा होतोय म्हणाला. बाकांवरचं कुणी हललं नाही. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मास्तरांनी दोन्ही हात दांड्यांवर ठेवले, सैल, मुठी न वळता. आपण कुणाला ढकलणार नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. आणि उठणारही नाही. गळ्यापाशी शीर उडत होती, ती सगळ्यांना दिसत असणार असं त्यांना वाटलं.

"पैलवान," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला, "उचल यांना. बाहेर ने."

पैलवान पुढे आला. त्याचे मोठे हात उघडे होते, एका अंगठ्याच्या नखात कालच्या रक्ताची वाळलेली कड अजून होती. तो खुर्चीसमोर आला, थांबला. त्याचा श्वास मास्तरांच्या तोंडावर येत होता. खोलीत मशीन रिकामंच फिरत होतं, कुणी ते बंद केलं नव्हतं. तो खाली वाकला, इतका की दोघांचे चेहरे समोरासमोर आले, आणि बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "मास्तर, उचलू का?"